आडवी रेघ

आमच्या शाळेच्या मैदानावर फक्की, म्हणजे चुन्याची पूड, मारायचं काम मी कुणाला देत नाही. शिपाई आहे, वरच्या वर्गातली पोरं आहेत, तरी सुतळी, खुंटी आणि बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेला डालड्याचा जुना डबा घेऊन मीच निघते. वळण आखताना खुंटीची सुतळी ताणून धरायची आणि मागं मागं सरकत डबा हलवत राहायचं. आमची माती काळी. उन्हाळ्यात निम्मी फक्की भेगांत जाते, पावसाळ्यात आखलेली रेघ चिखलासकट चपलेला चिकटून घरी येते. या दोन्हींतून वाचली, तर रात्री तिच्यावर शेळ्या बसतात. हाताची सालं निघतात ते वेगळंच, खोबरेल चोळून झोपावं लागतं.

पहाटे पाचला मैदानावर पोरी येतात. भरतीच्या. परभणी जिल्ह्यात नुसतं 'भरती' म्हटलं की पुरतं, कशाची ते विचारावं लागत नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलींना १०० मीटरचे १५, गोळ्याचे १५ आणि ८०० मीटरचे २०. त्यामुळं ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावतात हे आमच्याकडं फारसं कुणाला ठाऊक नसलं, तरी आठशे म्हणजे काय हे ज्वारी काढणारी बाईसुद्धा सांगते. आमच्या मैदानाचे चार राउंड. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आलीस तर वीसच्या वीस. त्यानंतरचा प्रत्येक सेकंद महाग.

मी काही भरतीची कोच नाही. जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे आणि रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरलीत. पण पोरींना रस्त्याकडेनं उसाच्या ट्रॅक्टरांच्या उजेडात पळताना पाहिलं आणि म्हटलं, मैदानावर या. त्या आल्या. मी मोबाइलवर घड्याळ लावून कठड्यावर बसते आणि राउंड ओरडते, एवढंच.

गेल्या महिन्यात आखणी करताना पहिलं वळण संपतं तिथं मी सगळ्या लेनमधून एक आडवी रेघ मारली. त्यांतली एक पोरगी लवकर आली होती. तिनं विचारलं, "मॅडम, ही कशाला? भरतीत तर लेन नसती."

तिचं खरं होतं. भरतीत छातीवर नंबर लावून घोळक्यानं सोडतात. लेन नाही, आत यायचं ते कोपर मारून. माझ्याकडं त्या रेघेचं कारण होतं, पण ते चाळीसेक वर्षांपूर्वीचं होतं आणि पोरीला राउंड मारायचे होते. म्हटलं, पळून ये, मग सांगते.

सांगायचं होतं ते शायनी अब्राहमचं.

आमच्याकडं जोरात पळणाऱ्या पोरीला आजही एकच नाव आहे. पोरगी दळण घेऊन पळत आली की आजी म्हणते, "काय पी. टी. उषा झालीस का गं?" ट्रॅक कधी न पाहिलेली आजी. ते नाव आता विशेषनाम राहिलेलंच नाही, भाषेत शब्द म्हणून मुरून गेलंय. त्यात गैर काही नाही, उषाचं धावणं त्याच तोलाचं होतं. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं कांस्यपदक एका शतांश सेकंदानं गेलं, ५५.४१ विरुद्ध ५५.४२. ती गोष्ट घराघरांत सांगितली गेली. पण तीन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्याच मैदानावर त्याच उषासकट चार भारतीय मुली ४ गुणिले ४०० रिलेच्या अंतिम फेरीत धावल्या, ते घराघरांत गेलं नाही. एम. डी. वलसम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम आणि उषा. वेळ ३ मिनिटं ३२.४९ सेकंद, क्रमांक सातवा. चौघींची सरासरी काढली तर एकीच्या वाट्याला ५३ सेकंद येतात. अमेरिकेच्या मुली चौदा सेकंद आधी पोचल्या होत्या, तेव्हा सातवा म्हणजे सातवाच, त्याला मुलामा द्यायचं कारण नाही. पण ती वेळ त्या दिवशी आशियातली सर्वोत्तम होती, आणि तिच्यातला एक चतुर्थांश हिस्सा शायनीचा होता. त्याच ऑलिंपिकमध्ये ती एकटी ८०० मीटर धावून उपांत्य फेरीपर्यंत गेली होती. वय १९.

केरळातल्या इडुक्की जिल्ह्यातल्या तोडुपुळाची ही मुलगी. पेपरात तिचं नाव शायनी अब्राहम असं यायचं आणि नंतर शायनी विल्सन असं यायला लागलं. कितीतरी दिवस मी त्या दोन वेगळ्या बाया समजत होते. एक थांबली आणि दुसरी आली, असं. मग कळलं की १९८८ साली विल्सन चेरियन या जलतरणपटूशी तिचं लग्न झालं. मला हसू आलं, कारण माझ्या एकुलत्या एका जिल्हा प्रमाणपत्रावरही माहेरचं नाव आहे आणि सेवापुस्तकात सासरचं. ती पोरगी मीच, हे पटवायला दोनदा प्रतिज्ञापत्र करावं लागलं होतं.

आठशे मीटर हे मोठं फसवं अंतर आहे. शंभर-दोनशे पळणारा फुटतो आणि संपतो, त्याला विचार करायला सवडच नसते. पाच-दहा हजारवाला बैलगाडीच्या चालीनं निघतो, त्याला विचारच विचार. आठशेवाल्याला जवळपास फुटल्यासारखं पळायचं असतं आणि तरी शिल्लक ठेवायची असते. सहाशेच्या आसपास पायांत दगड भरतात. श्वास नाकानं घेतोय का तोंडानं हे कळेनासं होतं, तोंडात तांब्याच्या भांड्याची चव येते. तिथून शर्यत सुरू होते असं आमचे सर म्हणायचे. १९७६ला माँट्रियल ऑलिंपिकला आपला श्रीराम सिंग पहिले चारशे ५०.८५ सेकंदांत पळून सगळ्या जगाच्या पुढं होता. पुढचे चारशे क्युबाच्या वान्तोरेनानं घेतले, १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला, आणि श्रीराम सिंग सातवा आला. त्या सातव्या क्रमांकाची वेळ, १ मिनिट ४५.७७ सेकंद, भारतात २०१८पर्यंत कुणाला मोडता आली नाही. आपल्याकडच्या सातव्या क्रमांकांवर एकदा कुणीतरी निवांत बसून लिहायला हवं.

बायकांच्या आठशेचं तर वेगळंच रामायण. १९२८ला ॲम्स्टरडॅमला ही शर्यत पहिल्यांदा झाली, जर्मनीची लीना राडके जिंकली. पोचल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, त्याचा पेपरांनी केवढा गहजब केला. बायकांच्या देहाला हे झेपत नाही असं ठरलं आणि शर्यत बंद झाली ती थेट १९६०च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. पुरुष खाली बसले तर त्याला जिगर म्हणतात. आमच्या गावातही हेच मत होतं, फक्त ॲम्स्टरडॅमचं नाव न घेता. "लांब पळू नये पोरीनं, पोटात उतरतं," असं माझी आत्या म्हणायची. काय उतरतं ते तिनं कधी सांगितलं नाही.

तर, १९८६.

मी नववीत होते. आमच्या पीटीच्या सरांनी तालुक्यातून आठशेला मला काढलं आणि आम्हा चौघींची चारशेची रिले बसवली. गावात ट्रॅक नव्हता. शाळेमागच्या पडीक रानात बाभळीला वळसा घालून परत यायचं, असे सहा वळसे म्हणजे सर आठशे धरायचे. रिलेला बॅटन नव्हतं. खरं बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि हलकं, पोकळ असतं. आमच्याकडं माझ्या एका मैत्रिणीच्या आईचं लाटणं होतं. भरीव सागवान. ते हातात घेऊन पळताना एक खांदा आपोआप खाली जायचा. संध्याकाळी तिची आई दारात उभी राहून हाक मारायची, "आणा गं, पोळ्या खोळंबल्या!" मग तिसरी धावणारी सरळ घराकडंच पळायची.

सरांनी एक गोष्ट मात्र पक्की शिकवली. शंभरच्या रिलेत न बघता हात मागं करतात, आणि चारशेत वळून बघावं लागतं. "येणारी मेलेली असती," सर म्हणायचे, "तिच्याच्यानं लाटणं देणं होत नाही. तू जाऊन घ्यायचं." मैत्रिणीचं मागं वळलेलं तोंड आणि पुढं आलेला हात मला अजून दिसतो. दमलेल्या माणसाला तेवढंच दिसतं.

लेनमध्ये पळायचं मात्र आम्हाला कुणी शिकवलंच नाही. बाभळीला कसली लेन?

परभणीला जिल्ह्याच्या स्पर्धा दिवाळीनंतर होत्या. पहाटेची यष्टी, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, निळा स्कर्ट आणि आबांच्या हट्टापायी आत सलवार. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना आदल्या रात्री ओला खडू फासलेला. चारशे मीटरचा आखलेला ट्रॅक मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिला. सगळ्या पोरी एका रेघेत उभ्या न राहता मागंपुढं उभ्या केलेल्या पाहून मला वाटलं, ही वशिलेबाजी आहे. बाहेरच्या लेनमधली पोरगी माझ्या चांगली पुढं! तिचं वळण मोठं पडतं म्हणून तिला पुढं उभं करतात, हे गणित मला नंतर बीएडला असताना सुचलं. सरांनी घाईत सांगितलं होतं, पहिलं वळण आपल्याच खान्यात राहा, आडवी रेघ आली की मग आत घुस. मी मान हलवली. मान हलवणं ही आमच्या वर्गाची सवयच होती.

शिटी झाली. तीसेक पावलं गेले असेन. डोळ्यांसमोर आतली मोकळी जागा होती आणि अंगात बाभळीची सवय. घुसले. मग काही आठवत नाही, फक्त दुसरी आले ते आठवतं. दोरी तुटल्याचं पाहिलं, पहिल्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, खाली वाकले. वळणाशी उभ्या असलेल्या पंचांनी झेंडी वर केलेली आहे, हे मला सोडून सगळ्यांना दिसलं होतं. टेबलाशी गेले तर कागदावर माझ्या नावावर निळ्या शाईची रेघ. सरळ, पट्टीनं मारलेली.

पुढचं सांगायला मला बरीच वर्षं लागली. दुपारी आमची रिले होती. माझा तिसरा नंबर. मी मैदानाच्या टोकाला लिंबाखाली जाऊन बसले आणि उठलेच नाही. मैत्रिणी आल्या, सर आले, सरांनी आधी रागावून पाहिलं, मग पाणी आणून दिलं. मी गुडघ्यांत तोंड घालून बसून राहिले. आमच्याकडं पाचवी पोरगी नव्हती. लाउडस्पीकरवर आमच्या शाळेचं नाव तीनदा पुकारलं. मग चौथ्यांदा पुकारलं नाही. लाटणं पिशवीतच राहिलं.

परतीच्या यष्टीत सर माझ्या शेजारी बसले. बराच वेळ गप्प होते. जिंतूर रोडला लागल्यावर म्हणाले, "सोलला आशियाई स्पर्धा झाल्या ना आत्ता. शायनी अब्राहम आठशेला सगळ्यांच्या पुढं होती. आडव्या रेघेच्या आधी आत आली. बाद."

मला एकदम बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! केवढ्या मोठ्या बाईनं माझीच चूक केली होती. सोन्याचं पदक गेलं होतं तिचं. मी शायनी अब्राहमच्या पंगतीला बसले होते.

मग सर म्हणाले, "रिले पळली ती. सोनं घेतलं रिलेत." आणि त्यांनी खिडकीकडं तोंड केलं.

एवढंच. सर त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मीही नाही. उषा, वलसम्मा, वंदना आणि शायनीचं ते सोलमधलं सुवर्ण त्यांनी वर्गात कौतुकानं सांगितलं असतं तर मी टाळ्या वाजवून विसरून गेले असते. ते मला यष्टीत मिळालं, त्यामुळं विसरता आलं नाही.

त्यानंतर शायनीचं नाव पेपरात दिसलं की मी थांबायचे. बाद व्हायच्या आदल्या वर्षी, १९८५ला जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं आठशेचं सुवर्ण जिंकलं होतं, ते मला उलट्या क्रमानं कळलं. ८४, ८८, ९२, ९६ अशी चार ऑलिंपिक ती खेळली. १९९२ला बार्सिलोनात उद्घाटनाच्या संचलनात भारताचा तिरंगा तिच्या हातात होता. ऑलिंपिकमध्ये आपला झेंडा धरणारी ती पहिली बाई. आमच्याकडं तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, सासरचे सगळे समोर, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. साडीतल्या त्या बायांचा घोळका दिसला आणि गेला.

पण मला सगळ्यांत जास्त वाटतं ते १९९५चं. शायनी तीस वर्षांची झाली होती, आई झाली होती. आमच्याकडं त्या वयाच्या बाईला कुणी पळताना पाहिलं तर आधी विचारतील, काय झालं, कोण गेलं? त्या वर्षी मद्रासच्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेत ती आठशे पळाली १ मिनिट ५९.८५ सेकंदांत. दोन मिनिटांच्या आत आठशे पळणारी पहिली भारतीय बाई. शतांशांनी किती फसवावं आणि शतांशांनीच किती द्यावं! उषाचं पदक एका शतांशानं गेलं, हिचे दोन मिनिटांच्या आतले शतांश होते पंधरा. एकोणिसाव्या वर्षी जे जमलं नव्हतं ते लेकराच्या आईनं केलं. हा विक्रम १५ वर्षं टिकला, २०१०ला टिंटू लुकानं मोडला. टिंटू शिष्या कुणाची, तर पी. टी. उषाची. घरातल्या घरातच राहिलं म्हणायचं.

त्या पोरीनं चार राउंड मारले, २ मिनिटं ५८. धापा टाकत आली, तेव्हा बाकीच्याही जमल्या होत्या. मी त्यांना हे सगळं सांगितलं, लिंबाखालचं सोडून. मग फक्कीनंच जमिनीवर हिशोब मांडून दाखवला. आपण वीसपैकी वीस गुणांच्या वेगानं, म्हणजे दोन-पन्नासनं पळत असलो, तर शायनी पोचली तेव्हा आपण अजून साधारण २३५ मीटर मागं. म्हणजे आपल्या मैदानाचा एक अख्खा राउंड आणि वर थोडं.

पोरी गप्प झाल्या. मला वाटलं, परिणाम झाला. मग एकीनं विचारलं, "मॅडम, त्यांना नोकरी लागली का?"

म्हटलं, लागली. फूड कॉर्पोरेशनमध्ये.

"रेशनचा गहू-तांदूळ साठवतात ती?"

"तीच. केंद्र सरकारची."

"मंग बरंय," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. झेंडा, पद्मश्री, दोन मिनिटांच्या आत, कशानंही जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं. शायनी त्यांची झाली. मला आधी जरा लागलं. मग आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवला. सहा किलोमीटरवरच्या शाळेत पळत जाणारा हा पोरगा आधी महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला, सियाचीनला राहून आला, मग ट्रॅकवर उतरला. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीचं, सोनं त्याचं पाच शतांश सेकंदांनी हुकलं आणि २०२४ला तो पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. आमच्या भागात भरती आधी येते, ऑलिंपिक मागून. पोरींचा प्रश्न बरोबर होता.

आडव्या रेघेचं मात्र त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या तिच्यावरून अशा गेल्या, जशा शेळ्या जातात.

या मे महिन्यात परभणीला एका लग्नात ती लाटणंवाली मैत्रीण भेटली. मधल्या वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो असं नाही, पण तो विषय कधी निघाला नव्हता. जेवणं झाल्यावर मंडपाच्या मागच्या बाजूला, कूलरच्या वाऱ्यात खुर्च्या ओढून बसलो. तिचे गुडघे दुखतात, माझी पाठ. कशावरून तरी शाळा निघाली आणि मी तिला सोलचं सांगितलं, सर यष्टीत काय बोलले तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. पदराच्या टोकाची सुपारी सोडली, अर्धी मला दिली.

"बाद झाल्यावर रडली असंल का गं ती?"

"काय माहीत. रिले पळली एवढंच ठाऊक आहे."

ती सुपारी चघळत बसली. मंडपात आहेर पुकारत होते, लाउडस्पीकरवर एकेक नाव येत होतं.

"आपण पळालो असतो ना," ती म्हणाली, "तर चौथे आलो असतो."

"अगं, टीमच चार होत्या."

"व्हय," ती म्हणाली. "चौथे."